वीणा पोरांच्या हाती द्या

नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावर सकाळी लवकर उभं राहिलं, की आमच्या खोऱ्यांतली तरणी पोरं एका जागी पाहायला मिळतात. कुणी शिरवळच्या कंपनीत पहिल्या पाळीला निघालेलं असतं, कुणी पुण्याच्या कॉलेजला, कुणी कात्रजला उतरून पुढे घरोघर सामान पोचवायच्या कामाला. बहुतेकांच्या कानात इअरफोन असतात. काहींच्या गळ्यात तुळशीची माळ असते, पण फाटा आला की ती शर्टाच्या आत जाते.

त्यातल्या एकाला मी विचारलं, "माळ आत का रे घातलीस?" तो म्हणाला, "बाई, कंपनीत पोरं 'महाराज, महाराज' म्हणून चिडवतात. पार्टीला बसलो नाही की म्हणतात, आत्ताच म्हातारा झालास काय! आणि खरं सांगू का, माळ का घातली असं कुणी नीट विचारलं तर मला सांगता येत नाही. आजोबांनी घातली होती, म्हणून मी घातली."

या मुलाची श्रद्धा गेलेली नाही. ती अजून आजोबांचीच आहे, त्याची स्वतःची झालेली नाही, एवढंच. ती त्याची कशी व्हावी आणि त्यासाठी आपण मोठ्यांनी काय करावं, याबद्दल मला लिहायचं आहे.

माझं माहेर भोरकडचं, सासर वेल्हे तालुक्यातल्या गुंजवणी खोऱ्यातलं. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी शिक्षिका होते. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी गावच्या विठ्ठल मंदिरात मुलांचा हरिपाठ घेते. वेल्हे तालुक्याला राजगड तालुका म्हणायचं, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2024 साली घेतला, तरी जुन्या माणसांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. तालुका तसा लहान. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 55 हजारांच्या आत होती. शेजारचा भोर मोठा, पण दोन्हीकडे डोंगर तेच, भाताची खाचरं तीच आणि धरणंही तशीच. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी या धरणांचं पाणी खाली जातं आणि माणसंही पोटासाठी खाली जातात. मुंबईकर मंडळी सणाला, जत्रेला आणि सप्ताहाला गावी येतात, चार दिवस राहतात आणि परततात. त्यांची मुलं गावाला 'आमचं गाव' म्हणतात, पण गावात कुणाच्या हाताखाली काय करायचं, हे त्यांना ठाऊक नसतं.

बाहेरचं वारं

पूर्वी बाहेरचं वारं लागायला गाव सोडावं लागायचं. आता ते मोबाइलवरून घरात येतं. या वाऱ्यात सगळं वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही. आमच्या मुली नर्सिंगला गेल्या, मुलगे आयटीआय करून मशिनवर उभे राहिले, ते याच वाऱ्यामुळे. पण काही गोष्टी पोरांना आतून पोखरतात आणि त्यांची नावं घेऊन बोललं पाहिजे.

पहिली गोष्ट लाजेची. माळ, एकादशी, भजन हे सगळं गावंढळ आहे असं कुणी हसून सांगितलं, की अठरा वर्षांचं पोर खचतं. दुसरी गोष्ट तयार देवभक्तीची. मोबाइलवर तीस सेकंदांत चमत्कार सांगणारे, नोकरी, लग्न आणि शत्रू या सगळ्यांवर तोडगा विकणारे लोक दिसतात. पोरांना वाटतं, हाच धर्म. तिसरी गोष्ट आवाजाची. मिरवणुकीत डीजेच्या भिंती लागतात, छातीत धडधड होते, घसे बसेपर्यंत घोषणा होतात, दुसऱ्या कुणाला तरी डिवचलं जातं आणि तेवढ्यालाच श्रद्धा समजलं जातं. शनिवार-रविवारी राजगड आणि तोरणा पर्यटकांनी भरून जातात. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात राजगड आहे, त्यामुळे येणारे आणखी वाढतील. त्यांतले पुष्कळ जण गडाला नमस्कार करून चढतात. काही जण छातीवर महाराजांचं चित्र मिरवतात आणि पायथ्याला बाटल्या टाकून जातात. आमची पोरं हे दोन्ही बघतात. भक्ती अंगावर घालायची की अंगी बाणवायची, हे त्यांना कुणी समजावून सांगत नाही.

एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञाने तरुणांच्या 'मी कोण' या प्रश्नावर आयुष्यभर अभ्यास केला. 'आयडेंटिटी: यूथ अँड क्रायसिस' हे त्याचं पुस्तक 1968 साली आलं. साधारण बाराव्या वर्षापासून पुढची काही वर्षं माणूस स्वतःची ओळख जुळवत असतो, असं त्याने मांडलं. घरात मिळालेलं, शाळेत शिकलेलं, मित्रांकडून उचललेलं असं सगळं तो अंगाला लावून पाहतो. या वयात उमलणारा गुण म्हणजे निष्ठा, असं एरिकसन म्हणतो. कुणावर तरी, कशावर तरी जीव लावायची ताकद या वयात येते आणि ती वापरल्याशिवाय तरुण माणसाला चैन पडत नाही.

शाळेत हे मी रोज पाहिलं आहे. निष्ठा द्यायला चांगली जागा मिळाली नाही, तर पोरं ती मिळेल त्या जागी देतात: एखाद्या पुढाऱ्याला, टोळक्याला, मोबाइलवरच्या चेहऱ्याला. म्हणून 'आजकालच्या पोरांना कशाचंच काही नाही' हे गावातलं नेहमीचं वाक्य मला पटत नाही. त्यांच्यात निष्ठा भरपूर आहे, ती ठेवायला आपण त्यांना जागा दिलेली नाही.

तरुणांचाच संप्रदाय

मुलांना मी आधी वयं सांगते. ज्ञानेश्वरांचा जन्म 1275 सालचा. नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली 1290 साली, आणि आळंदीला त्यांनी समाधी घेतली 1296 साली. म्हणजे दहावीच्या वर्गातल्या मुलाच्या वयात त्यांनी गीता मराठीत आणली. मुक्ताबाई त्यांच्याहूनही लहान, आणि मोठा योगी म्हणवणाऱ्या चांगदेवांनी तिला गुरू मानलं. संन्याशाची पोरं म्हणून या भावंडांना गावाने बाजूला टाकलं होतं. बाहेरून चिडवलं जाणं काय असतं, हे त्यांना सांगायला नको होतं. आपला संप्रदाय म्हाताऱ्यांचा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

आमच्या भोर तालुक्यात रायरेश्वराचं पठार आहे. वर महादेवाचं देऊळ आहे आणि त्याची पूजा सांभाळणारी जंगम कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतात. 1645 साली शिवरायांनी मावळातल्या सवंगड्यांसह इथे स्वराज्याची शपथ घेतली, असं परंपरा सांगते. महाराजांचं वय तेव्हा पंधराच्या आसपास. सहलीला मुलांना तिथे नेलं, की देवळाच्या गार गाभाऱ्यात मी त्यांना एवढंच सांगते, की शपथ म्हणजे काम अंगावर घेणं. घोषणा दिली की संपते, काम मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुरू होतं.

पहारा

आमच्याकडे गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतो. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन, मग प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि पुढे जागर असा दिवस जातो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. या सगळ्याच्या मधोमध एक गोष्ट सात दिवस चालू राहते, ती म्हणजे विणेचा पहारा. सप्ताह बसला, की वीणा खाली ठेवायची नाही. गळ्यात वीणा घेऊन एक जण देवापुढे उभा राहतो, नामाचा गजर करत राहतो आणि ठरल्या वेळेला दुसरा येऊन ती घेतो. नावं फळ्यावर लिहिलेली असतात. आमच्याकडे पहारा दोन तासांचा असतो.

वीणा हाती देण्याचा क्षण मुलांनी जवळून पाहावा, असं मला नेहमी वाटतं. येणारा हातपाय धुऊन येतो, कपाळाला बुक्का लावतो. गजर थांबत नाही. तो विणेला हात लावून नमस्कार करतो, विणेकऱ्याच्या पाया पडतो, आणि पट्टा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो. मग देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो. साठीचा बाप अकरावीतल्या मुलाच्या पाया पडलेला मी पाहिला आहे. मुलगा क्षणभर गडबडला, पाय मागे घेऊ लागला, पण हातात वीणा होती, त्यामुळे हलता येईना. तो उभा राहिला आणि गजर सुरू केला. घरी ज्याला दिवसभर 'अभ्यास कर' म्हणून ऐकावं लागतं, त्या पोराला त्या दिवशी गावाने मानाने उभं केलं.

आमच्या मंडळींनी रात्रीचे पहारे पोरांच्या नावावर लिहायला सुरुवात केली. रात्री दोन ते चार हा सगळ्यात अवघड पहारा. समई तेवत असते, दोन-चार म्हातारे कांबळं पांघरून भिंतीशी पेंगत असतात, टाळकरीही थकलेले असतात. मोबाइल घरी असतो. तू आला नाहीस, तर आधीच्याला वीणा खाली ठेवता येणार नाही, हे त्या मुलाला पक्कं ठाऊक असतं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडेल, ही जाणीव त्या वयात फार मोठी असते. शर्टाच्या आत माळ लपवणाऱ्या त्या मुलालाही आम्ही असाच पहारा दिला. नंतर तो मला म्हणाला, "बाई, चिडवतात अजून. पण आता मी पार्टीत पाण्याचा ग्लास घेऊन बसतो, त्यांच्याशी बोलतो. मला काय करायचं ते मला कळलंय." मित्र तोडायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याने ते तोडलेही नाहीत.

पखवाजाचंही तसंच आहे. कीर्तनाआधी कणीक मळून ती डाव्या पुडीवर थापावी लागते. ती कमी-जास्त झाली, की आवाज बिघडतो. थोडी लावायची, थाप मारून ऐकायची, बोटाने थोडी काढायची, पुन्हा ऐकायचं. कीर्तन संपलं की खरवडून पुडी स्वच्छ करायची. हे शिकायला महिने जातात आणि त्याला दुसरा रस्ता नाही. तीस सेकंदांच्या व्हिडिओला सरावलेला मुलगा इथे धीर शिकतो, कारण कान तयार झाल्याशिवाय हात चालत नाही.

मुलींनी वीणा मागितली, तेव्हा आमच्याकडे चर्चा झाली. मी मुक्ताबाई, जनाबाई आणि बहिणाबाईंची नावं सांगितली. ज्या संप्रदायाने बायकांचे अभंग माथ्यावर घेतले, तो मुलींच्या हाती वीणा द्यायला कचरणार नाही, असं म्हटलं. दिवसाचे पहारे मुलींना मिळाले. त्या मुली आता हरिपाठाच्या पावल्यांत सगळ्यात पुढे असतात.

प्रश्न विचारू द्या

नुसती सेवा देऊन भागत नाही. हरिपाठ झाल्यावर मंदिराच्या ओट्यावर मुलं माझ्याभोवती बसतात आणि विचारतात. एकादशीने काय होतं? देव आहे तर धरणात गाव का बुडालं? देवापुढे सगळे सारखे, तर मग गावात जात का पाहतात?

या प्रश्नांना दटावून गप्प केलं, की ते दुसरीकडे उत्तर शोधतात आणि तिथे मिळणारं उत्तर बहुधा विषारी असतं. मला सगळं ठाऊक नाही, पण जे ठाऊक आहे ते मी लपवत नाही. एकादशी हा मनाला 'थांब' म्हणायचा सराव आहे. ज्याला जेवणाला 'नको' म्हणता येतं, त्याला दारूलाही 'नको' म्हणता येतं. बुडालेल्या गावाचं दुःख खरं आहे, आणि त्याचा जाब माणसांना विचारायचा असतो, देवावर ढकलायचा नसतो. जातीबद्दल तर मी सगळाच इतिहास सांगते. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराशी आहे, आणि त्यांच्याच समाजाला विठ्ठलाच्या देवळात जाता यावं म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये उपोषण करावं लागलं. आपल्या परंपरेने उजेड दिला, आणि आपल्याच माणसांनी तिच्या दाराला कड्याही घातल्या. या दोन्ही गोष्टी ज्याला ठाऊक आहेत, त्याची श्रद्धा पहिल्या टोमण्याला मोडत नाही.

बुवाबाजीबद्दलही स्पष्ट बोलावं लागतं. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. तेव्हा अनेक भाविकांना भीती वाटली, की आता भजन-कीर्तनावर गदा येणार. पण वारी, कीर्तन, प्रवचन, भजन या गोष्टी त्या कायद्यातच स्पष्टपणे बाजूला ठेवल्या आहेत. फसवणूक, अघोरी उपचार आणि भीती दाखवून लुबाडणं याला तो कायदा हात घालतो. मी मुलांना एक खूण सांगते. जो तुमच्याकडून पैसे आणि भीती मागतो, त्याच्यापासून लांब राहा. जो तुमच्याकडून वेळ आणि कष्ट मागतो, त्याच्याजवळ बसायला हरकत नाही.

आणि राग शिकवणाऱ्यांबद्दल? 'आपण कोण' हे 'आपण कुणाच्या विरुद्ध' यावरून ठरवायचं नसतं, हे वारीतच दिसतं. तुकोबांची पालखी देहूतून निघते, तेव्हा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे आरती होते. श्रीगोंद्याचे शेख महंमद संतांच्या मांदियाळीत आहेत. दुसऱ्याचा द्वेष केल्याने आपली भक्ती वाढते, असं आपल्या एकाही संताने सांगितलेलं नाही. शेजारच्या वाडीतले बौद्ध तरुण विहारात वंदना घेतात आणि लहानांना 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेची गोष्ट सांगतात. तीही पोरं आपली मुळं शोधत आहेत, आणि त्यांच्याकडून आमच्या मुलांना वाचनाची शिस्त शिकण्यासारखी आहे.

दोन्ही जगं सांभाळता येतात

काही आयांना धास्ती वाटते, की पोरगं भजनात रमलं तर शिक्षण सोडेल. त्यांना मी सोनोपंत दांडेकरांची गोष्ट सांगते. विष्णुबुवा जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. कीर्तन-प्रवचन करणाऱ्याने आधी नीट शिकलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. सोनोपंत हे जोग महाराजांचे शिष्य. ते पुण्याच्या स. प. महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, पुढे प्राचार्य झाले. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान वर्गात शिकवत आणि ज्ञानेश्वरीवर कीर्तन करत. त्यांना माळ लपवावी लागली नाही आणि पुस्तकंही टाकावी लागली नाहीत. प्रत्येक मुलाने आळंदीला जाऊन महाराज व्हावं, असं मला मुळीच वाटत नाही. चांगला फिटर व्हावा, चांगली नर्स व्हावी, आणि भक्तीने आपलं काम करावं.

आमच्या खोऱ्यांत हे तसं जुनंच आहे. आषाढी वारी येते तेव्हाच इथे भाताची लावणी येते. पाऊस धरलेला असतो, चिखलणी झालेली असते, रोपं काढून खाचरात लावायची असतात. सगळं घर पंढरीला निघालं, तर वर्षभर खायचं काय? म्हणून घरातला एखादा जण दिंडीत जातो, बाकीचे गुडघाभर चिखलात वाकून लावणी करतात आणि तोंडाने अभंग म्हणतात. कार्तिकात शेतं मोकळी होऊ लागली, की मग आळंदी गाठतात. शेत आणि वारी यांत एकाला निवडा, असं आमच्या आजी-आजोबांना कधी कुणी सांगितलं नाही. मशिन आणि वारी यांतही नातवंडांना निवड करावी लागू नये.

मोठ्यांना विनंती

आई-वडिलांना माझं सांगणं आहे, की माळ जबरदस्तीने घालू नका. ज्याला घालायची नाही, त्यालाही हरिपाठाला येऊ द्या, टाळ हातात द्या. मुलगा चिडवला गेला म्हणून घरी गप्प बसला असेल, तर त्याला उपदेश करू नका, आधी ऐका. तुम्ही माळ का घातली ते त्याला सांगा. सांगता येत नसेल, तर दोघे मिळून शोधा.

सप्ताह कमिट्यांना विनंती आहे, की पोरांना फक्त मंडप बांधायला आणि पंगतीत वाढायला बोलावू नका. वर्गणीचा हिशोब त्यांच्याकडून लिहून घ्या, प्रवचनकार ठरवताना त्यांचं मत विचारा, कीर्तनानंतर मुलांच्या प्रश्नांसाठी वेळ ठेवा. मुंबईकर मंडळींनी देणगीच्या पाटीवर नाव कोरण्याइतकीच काळजी आपल्या मुलांना चार दिवस काकड्याला उठवण्याची घ्यावी. गावात आलेलं ते मूल पाहुणा म्हणून परत जाऊ नये.

आणि यंदा सप्ताहाचा फळा लिहायला बसाल, तेव्हा रात्री दोन ते चारच्या पहाऱ्यापुढे गावातल्या एखाद्या अकरावी-बारावीच्या मुलाचं नाव लिहा. तो येईल. नाही आला, तर पुढच्या वर्षी पुन्हा लिहा.